चुळीच्या पेल्यातली सुळी

“गुरुवारी आई माझ्या खुर्चीत बसणार, छान आ करणार आणि उठताना म्हणणार, जावई असावा तर असा! लिहून ठेव!”

दातांचे डॉक्टर हे वाक्य सकाळच्या चहाला बसल्या बसल्याच बोलले. पण आविर्भाव असा, की समोर माईक आहे आणि मागे बॅनर लागलाय. बायकोने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

“आईच्या तोंडात काहीतरी टोचतंय म्हणून येतेय ती. तुमचा सत्कार करायला नाही.”

“अगं, पण माझ्याकडे येतायत! माझ्याकडे!”

हा आनंद काही उगाच नव्हता. डॉक्टरांनी अख्ख्या गावाच्या तोंडात डोकावलं होतं, फक्त सासूबाईंच्या नाही. लग्न झाल्यापासून सासूबाई त्यांच्या दवाखान्यासमोर रिक्षातून उतरायच्या, खिडकीतल्या जावयाला प्रेमाने हात करायच्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या दंतवैद्याचा जिना चढायच्या! डॉक्टर त्याचं नाव घेत नसत. ‘समोरचा’ एवढंच म्हणत, आणि तेही दातओठ खाऊन.

चूक डॉक्टरांचीच होती, असं घरात सगळे मानत. पहिल्या भेटीत सासूबाई त्यांच्याकडे बघून तोंडभर हसल्या होत्या. यावर माणूस नमस्कार करतो. हे पुढे वाकून म्हणाले, “खालची डावीकडची दाढ जाणार बघा!” सासूबाईंनी तोंड मिटलं. त्यानंतर जावयासमोर त्या कधी मोकळ्या हसल्या नाहीत. हसू आलंच तर तोंडावर हात. सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन म्हणून जन्म काढलेल्या. त्या नुसत्या जिन्यात खाकरल्या तरी तिसऱ्या मजल्यावरचे दिवे बंद होत.

आता समोरचा सहलीला गेला होता, आणि सासूबाईंना थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी फोनवर अगदी स्पष्ट सांगितलं होतं, “गुरुवारी येते. खोलीत फक्त तुम्ही आणि मी. कुणाला बोलवायचं नाही, गाजावाजा करायचा नाही.”

डॉक्टरांनी ‘गुरुवारी येते’ एवढंच ऐकलं. त्यांचा तरी काय दोष? ज्याची सगळी गिऱ्हाइकं तोंडात कापूस घेऊन बोलतात, त्याला पुढचं ऐकायची सवय राहत नाही. प्रश्न आपणच विचारायचा, उत्तर आपणच द्यायचं आणि मान डोलवायची. गेली कित्येक वर्षं डॉक्टर अशाच गप्पा मारत आले होते आणि स्वतःला उत्तम श्रोता समजत होते.

तर सासूबाईंना शांत कसं ठेवायचं? डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं, की पोहणारे मासे बघितले की माणसाची भीती जाते. ते तडक फिशटँकवाल्याच्या दुकानात गेले. तिथे लालनिळ्या फायटर माशांवर त्यांचा जीव जडला.

“हे सगळे एका टाकीत द्या!”

“अहो डॉक्टर, हे नर आहेत. दोघं एकत्र ठेवलेत तर संध्याकाळपर्यंत एकच उरेल,” फिशटँकवाला म्हणाला. “माद्या घ्या. माद्या राहतात एकत्र...”

“झालं तर मग! पाच माद्या!”

“पण त्याला रीत आहे. टाकीत झाडी दाट हवी. वर झाकण पाहिजे, उड्या मारतात. आणि मुख्य म्हणजे सगळ्या एकदम...”

“हो हो, कळलं, काही काळजी करू नका!” असं म्हणत डॉक्टर पिशव्या घेऊन दुकानाबाहेर पडलेसुद्धा. फिशटँकवाला उरलेलं वाक्य काचेतल्या कासवाला सांगत राहिला.

टाकी खुर्चीच्या बरोबर समोर बसवली. झाडी? दवाखान्यात चिखल आणि पाला? छे! डॉक्टरांची टाकी कशी हवी, तर धुतल्या तांदळासारखी. झाकणही नको, दिसायला आडवं येतं. शोभेला म्हणून त्यांनी मुलांना ब्रश कसा करायचा ते दाखवायचा मोठा प्लॅस्टिकचा खालचा जबडा तळाशी ठेवला. आणि मासळ्यांना नावंही घरचीच दिली: सुळी, पटाशी, दाढू, अक्कल आणि सगळ्यांत लहान, पांढुरकी, ती दुधी.

“आता सोडा की पाण्यात,” बायको म्हणाली. ती दवाखान्याचं बाहेरचं काम बघायची. नावनोंदणी, फोन, रुग्णांची समजूत, सगळं.

“सगळ्या एकदम? गर्दी होईल! आपल्याकडे पद्धत काय आहे? एक आत, बाकीचे बाहेर. मासळ्यांनाही अपॉइंटमेंट!”

आणि इथेच सगळं ओमफस झालं.

पहिला नंबर सुळीचा लागला. गडद निळी, अंगापिंडाने भरलेली सुळी टाकीत एक चक्कर मारून आली, जबडा तपासला, उजवीकडच्या दोन दाढांमधली जागा पसंत केली आणि अख्ख्या टाकीचा सातबारा आपल्या नावावर करून टाकला. दुसऱ्या दिवशी दुधीला आत सोडलं. सुळीने गाल फुगवले, पंख ताठ केले आणि दुधीला टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असं पळवलं, की डॉक्टरांनाच धाप लागली!

“नवीन आहे ना, ओळख झाली की गोडीने राहतील,” ते म्हणाले.

ओळख वाढत गेली तसे शेपट्यांचे तुकडे पडायला लागले. पटाशी आली, तिचा पंख गेला. दाढू आली, ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. अक्कल नावाला जागली आणि पाण्याच्या वरच्या थरात फिल्टरमागे जाऊन लपली, ती लपलीच!

खरा तमाशा झाला तो पोस्टमन खुर्चीत असताना. त्याच्या तोंडात दोन्ही बाजूंना कापूस होता, दाढेत औषध भरून झालं होतं आणि ते वाळेपर्यंत तोंड मिटायचं नव्हतं. डॉक्टरांना मध्येच दुधीची आठवण झाली. ती सकाळपासून दिसली नव्हती. जबड्यामागे बघायला त्यांनी दात तपासायचा छोटा आरसा लांब दांडीला बांधून पाण्यात घातला. आता आरशात सुळीला काय दिसावं? दुसरी सुळी! तेवढीच निळी, तेवढीच माजलेली, आणि तिच्याच दाढेजवळ! सुळीने जी झेप घेतली, ती आरशावरून, टाकीवरून सरळ पोस्टमनच्या छातीवर!

“आँ! आँ! आँ!” पोस्टमन ओरडला.

“हो हो, थोडं दुखणारच,” डॉक्टर टाकीत वाकूनच म्हणाले.

“आँऽऽ!”

“घरी सगळे बरे ना? वा वा!”

शेवटी पोस्टमननेच फडफडती सुळी रुमालासकट उचलली आणि टाकीत टाकली. दाढेतलं औषध तिथेच सांडलं. जाताना तो बायकोला म्हणाला, “वहिनी, मला दाढदुखी चालेल.”

सासूबाई उद्या येणार आणि टाकीत ही हाणामारी! डॉक्टरांनी सुळीला काढून वेगळ्या पेल्यात ठेवलं. लगेच पटाशी दाढांमध्ये जाऊन बसली आणि दाढूवर धावून गेली. पटाशीला काढलं, तर कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली दाढू एकदम मालकीण झाली. दाढूला काढलं, तर अक्कल बाहेर आली, आणि काय सांगावं, तिची तर सगळ्यांवर कडी! अखेर टाकीत एकटी दुधी उरली. आत्तापर्यंत लपत फिरणारी दुधी! ती आता जबड्यात मधोमध उभी राहून डॉक्टरांच्या बोटावर गाल फुगवत होती.

“एक मासा तर एक मासा,” डॉक्टर म्हणाले, “शांत दिसला म्हणजे झालं.”

बाकीच्या चौघी चूळ भरायच्या पांढऱ्या पेल्यांत होत्या. डॉक्टरांनी त्यांच्यावर रुग्णाच्या गळ्याशी लावायचे कागदी रुमाल झाकले आणि पेले खुर्चीमागच्या फळीवर ओळीने ठेवले.

गुरुवारी सासूबाई आल्या, त्या मागच्या दाराने आणि पदराने तोंड झाकून. आत पाऊल टाकतात तो समोर त्यांचा मुलगा! डॉक्टरांनी मेहुण्याला मुद्दाम बोलावलं होतं. एवढा मोठा प्रसंग, त्याला साक्षीदार नको?

“आई, ऐतिहासिक फोटो काढणार आहे मी,” मेहुणा मोबाइल नाचवत म्हणाला. “भाऊजींच्या खुर्चीत तू! पेपरात देऊ!”

सासूबाईंनी जावयाकडे जे बघितलं, त्याने तीन मजल्यांचे दिवे गेले असते. “मी तुम्हाला काय सांगितलं होतं?” त्या ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या.

“हो हो, अगदी आरामात बसा!” डॉक्टर म्हणाले.

मेहुण्याला बाहेर बसवलं. बायकोने तेवढ्यात खोलीवरून शेवटचा हात फिरवला. आई येणार म्हणजे सगळं कसं टापटीप हवं. फळीवर पाण्याने भरलेले पेले तिला दिसले. ‘किती तयारी केलीय यांनी!’ असं मनात म्हणत तिने पहिल्या पेल्यावरचा रुमाल काढला, आत न बघता पेला खुर्चीजवळच्या खाचेत ठेवला आणि दार ओढून घेतलं.

खोलीत दोघंच उरले. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या, तोंड गच्च मिटून.

“डॉक्टर म्हणून सांगते, जावई म्हणून नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “एक गोष्ट आहे, ती फक्त समोरच्या डॉक्टरांना माहीत आहे. मला...”

“कळलं, कळलं! भीती वाटते!” डॉक्टर म्हणाले. “ती बघा मासळी, कशी शांत पोहतेय! आधी चूळ भरा बघू.”

सासूबाईंनी वैतागून पेला उचलला आणि तोंडाशी नेला. पेल्यातून त्यांच्याकडे कुणीतरी बघत होतं. गाल फुगवून!

सासूबाई किंचाळल्या. अहो, किंचाळल्या म्हणजे कशा? तीस खोल्यांचं वसतिगृह एका हाकेत उठवणारा तो गळा! बाहेर रांगेत बसलेल्या दोन रुग्णांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापल्या चपला शोधल्या. आणि त्या किंकाळीसरशी सासूबाईंच्या तोंडातून काहीतरी सुटलं आणि डुबकन पेल्यात पडलं.

वरचे दात होते! सगळे! कवळी!

एवढी वर्षं ज्या दातांसाठी डॉक्टर झुरले, ते दात आज त्यांच्यासमोर पेल्यात होते आणि सुळी त्यातून आरपार पोहत होती. सासूबाईंचे गाल आत गेले होते. मेट्रनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं! डॉक्टरांना एकदम उमगलं. त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, लाज वाटत होती म्हणून सासूबाई रस्ता ओलांडत होत्या. डॉक्टरांना फार वाईट वाटलं, आणि मनात कुठेतरी फार बरंही वाटलं.

“अहो, काय झालं? आई!” बाहेरून बायको दार ठोठावू लागली. मागून मेहुणा, “फोटो काढू का?”

सासूबाईंनी पदर तोंडावर दाबला आणि दुसऱ्या हाताने जावयाची बाही धरली. मान नाही नाही म्हणून हलत होती. डॉक्टरांनी पेला उचलला आणि होता तसा टाकीत उलटा केला. त्याच क्षणी दार उघडलं!

“काय केलंत आईला?”

“भूल दिलीय,” डॉक्टर म्हणाले. “बोलायचं नाही, तोंड उघडायचं नाही!”

सासूबाईंनी जोरजोरात मान डोलावली.

“आणि हे टाकीत काय आणखी? काल एकच जबडा होता ना?”

“अगं, खालचा होता. वरच्याशिवाय अर्धवट वाटत होतं!”

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि मोबाइल उंचावणाऱ्या भावाला दंडाला धरून बाहेर नेलं. दाराला आतून कडी लागली.

आता कवळी काढायची होती. पण सुळीला ती पसंत पडली होती! नवं घर, कोरं करकरीत, माणसाच्या मापाचं. ती टाळूखाली जाऊन बसली. खालच्या जबड्यात दुधी, वरच्यात सुळी! डॉक्टरांनी लांब चिमटा आत घातला की सुळी त्यावर तुटून पडायची. सुळी बाहेर आली की दुधी तिच्यावर. मग पुन्हा दोघी आपापल्या जबड्यात. हात घातला, तर चावा! दात काढण्यात हयात गेलेल्या माणसाला आज तयार काढलेले दात निघेनात!

“शगळ्या एकदम शोडा!” मागून आवाज आला.

“हो हो, लगेच निघतील, तुम्ही...”

मनगटावर चापट बसली. कडक, वसतिगृहातली!

“ऐका!”

आणि डॉक्टरांनी ऐकलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी खुर्चीतल्या माणसाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

“मुलींना एकेक करून खोलीत घ्यायचं नश्तं. जी आधी येते ती मालकीण होते! शगळ्या एकाच दिवशी घ्यायच्या. आणि त्याआधी खाटा हलवायच्या, म्हणजे कुणाचाच जुना कोपरा राहत नाही! आणि आडोशा द्या हो! बायकांनी कपडे कुठे बदलायचे?”

डॉक्टर कामाला लागले. जबडा उलटा फिरवून दुसऱ्या टोकाला सरकवला. खिडकीतल्या कुंडीतला मनीप्लांटचा वेल कापला, नळाखाली धुतला आणि भाराभर टाकीत सोडला. मग दोन हातांत दोन पेले त्यांनी घेतले, तिसरा सासूबाईंनी. “हं!” म्हणताच पटाशी, दाढू आणि अक्कल एकदम पाण्यात!

सुळी तरातरा कवळीतून बाहेर आली. पटाशीवर धावली, तर वाटेत दाढू. दाढूकडे वळली, तर मागून अक्कल. दुधी आपली दाढ शोधत होती, ती होती तिथे नव्हतीच! मारायचं तरी कुणाला कुणाला? थोडा वेळ सगळ्या गाल फुगवून एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकेक करून गाल उतरले. एक वेलाच्या पानामागे गेली, दुसरी मुळांत शिरली आणि टाकीत अशी शांतता पसरली, की डॉक्टरांनी अलगद हात घालून कवळी बाहेर काढली.

ती त्यांनी किती वेळा धुतली असेल! औषधात बुडवली, घासली, पुन्हा बुडवली. मग बघतात, तर समोरच्याने मापच ढिलं घेतलेलं. म्हणून टोचत होती! डॉक्टरांनी आतून नवा थर दिला, कडा तासल्या, घासून गुळगुळीत केल्या, पुन्हा बसवून बघितली. एवढं मन लावून त्यांनी स्वतःच्या परीक्षेतही काम केलं नव्हतं. सासूबाईंनी दात दातांवर ठेवले, जीभ फिरवली. चेहरा हळूहळू उजळला.

“टोचत नाही!” त्या म्हणाल्या. आणि हसल्या. पदर नाही, हात नाही, तोंडभर! “जावई असावा तर असा!”

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते धावतच दाराकडे निघाले. “थांबा, सगळ्यांना बोलावतो! हे वाक्य पुन्हा एकदा म्हणा!”

“खबरदार!” सासूबाई म्हणाल्या. “हे या खोलीबाहेर गेलं, तर मी पुन्हा समोर जाईन!”

झालं! आयुष्यातली सगळ्यात मोठी केस, आणि बोलायची सोय नाही! बाहेर डॉक्टरांनी सांगितलं, “विशेष काही नव्हतं. जरा साफ केलं.” मेहुणा खो खो हसला. “म्हणजे एवढ्या किंकाळ्या नुसतं साफ करायला!”

टाकी मात्र गावात प्रसिद्ध झाली. वर झाकण आलं, वेल वाढला, आणि पाचही जणी त्यात सुखाने राहू लागल्या. म्हणजे दिवसातून एकदा गाल फुगवतात, पण तेवढं कुठल्या घरात होत नाही? पोस्टमनसुद्धा दाढ भरून घेऊन गेला.

पुढे सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. सगळं गणगोत जमलं. फोटोसाठी मेहुणा काहीतरी आचरट बोलला आणि सासूबाई खळखळून हसल्या. डोकं मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! डॉक्टर फक्त कवळीकडे बघत होते. तसूभरही हलली नाही! काय बसलीय! त्यांना उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“आईचे दात बघा!” मेहुणा सगळ्यांना म्हणाला. “पंचाहत्तरीला मोत्यासारखे! एक पडला नाही, एक किडला नाही! याचं श्रेय कुणाला आहे माहितीये?”

डॉक्टर नकळत सरसावून बसले.

“समोरच्या डॉक्टरांना! इतकी वर्षं भाऊजींच्या तावडीत सापडले नाहीत, म्हणून टिकले!”

सगळे पोट धरून हसले. बायको हसली. सासूबाई तर सगळ्यांत जास्त हसल्या, वरचे सगळे दात दाखवत!

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं. सासूबाई हसता हसताच हळूच खाकरल्या.

“आ करून काय बसलात भाऊजी?” मेहुणा म्हणाला. “तोंड मिटा, फोटो काढतोय!”

डॉक्टरांनी मिटलं.